अंगठ्याला कुलूप

ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड फलटणच्या ई-सेवा केंद्रात बसणाऱ्या पोराला कुणी सांगावा लागत नाही. नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि त्यापुढे जन्मसाल. मावशी आधार नंबर सांगतात, मोबाइलवर आलेला ओटीपी मोठ्यानं वाचून दाखवतात, फाइल उतरते. मग तो विचारतो, "मावशी, साल कुठलं ओ?" मावशी अडखळल्या तर मागं उभा असलेला पुतण्या सांगून टाकतो. प्रिंट निघते आणि पीडीएफ 'डाउनलोड्स'मध्ये गावातल्या इतर नावांच्या रांगेत जाऊन बसते. हा पोरगा रोज संध्याकाळी ते फोल्डर रिकामं करतो, रिसायकल बिनसकट. तशी सक्ती त्याच्यावर कुणी केलेली नाही.

मी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो ते आधारचं बायोमेट्रिक लॉक करण्याचं काम बघायला. आपल्या नावावर दुसऱ्यानं पैसे उचलू नयेत म्हणून सामान्य माणसाच्या हातात आपल्याकडे जे थोडं आहे, त्यातलं हे एक. अमेरिकेत लोक कर्जाच्या नोंदीलाच कुलूप लावतात. ते लावलं की नवी बँक तुमची फाइल बघू शकत नाही, आणि फाइल न बघता सहसा कुणी कर्ज देत नाही. २०१७ मध्ये तिथल्या इक्विफॅक्स या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. पुढच्या वर्षी, २१ सप्टेंबर २०१८ पासून, हे कुलूप कायद्यानं सगळ्यांना फुकट झालं. आपल्याकडे अशा पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा. त्यात ग्राहकाला असा हक्क दिलेला नाही.

आपलं कुलूप आहे ते अंगठ्याला. गावोगावच्या बँकमित्राच्या मशीनवर आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर रोकड मिळते, ओटीपी लागत नाही. म्हाताऱ्या माणसांची यानं मोठी सोय झाली आणि चोरांचीही. खरेदीखतांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवल्याचे गुन्हे देशात उघडकीला आले आहेत. लॉक केलं की हा रस्ता बंद होतो. बोटं, बुबुळं, चेहरा, काहीही लावलं तरी पडताळणी होत नाही.

काम तसं चटकन होणारं आहे. 'माय आधार'वर आधार नंबर टाकायचा, वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा भरायचा, ओटीपी द्यायचा, संमतीच्या चौकटीत टिक करायची, झालं. अडतं ते ओटीपीपाशी. एका आजोबांच्या आधारला नातवाचा नंबर जोडलेला होता. नातू चाकणला पहिल्या पाळीत, त्याचा मोबाइल कारखान्याच्या गेटवर जमा. ओटीपी दहा मिनिटं चालतो, पाळी सुटायला दुपार. "नंबर बदलून घ्या आजोबा, आधार केंद्रात," पोरगा म्हणाला. तिथं पुन्हा अंगठा द्यावा लागणार, आणि शेतात राबलेल्या बोटांवरच्या रेषा मशीनला लवकर सापडत नाहीत.

लॉक झालेल्या एका तात्यांनी उठता उठता विचारलं, "मग रेशनला अंगठा चालंल न्हवं?" चालणार नव्हता. लॉक असताना अंगठा लावला की आधारकडून ३३० हा एरर कोड येतो. म्हणजे धारकानंच बायोमेट्रिक बंद केलंय. रेशनच्या दिवशी, पीएम-किसानच्या केवायसीला, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला आधी कुलूप काढायचं आणि काम झालं की परत लावायचं. तात्यांकडं बटनाचा फोन. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "राहू दे, काढ ते." पोरानं मुकाट्यानं पुन्हा लॉगिन केलं. ज्याला हे कुलूप सर्वांत जास्त हवं, त्यालाच ते वागवणं सर्वांत अवघड जातं.

आणि या कुलपानं कर्ज थांबत नाही. मोबाइल ॲपवरचं छोटं कर्ज पॅन नंबर, एखादा फोटो आणि चोराच्याच हातातल्या सिमवर येणारा ओटीपी एवढ्यावर निघाल्याच्या तक्रारी आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये अभिनेत्री सनी लिओनीनं जाहीरपणे सांगितलं, की तिच्या पॅनवर कुणीतरी २००० रुपयांचं कर्ज काढलं आणि तिचा सिबिल स्कोअर बिघडला. तिथं अंगठा बंद असून काय उपयोग?

म्हणून या केंद्रावर दुसरं काम चालतं, पतमाहितीचा रिपोर्ट वाचून दाखवण्याचं. सुरवडीच्या एमआयडीसीत कामाला असलेला एक जण घरकर्जाची फाइल अडली म्हणून आला होता. पोरानं रिपोर्ट स्क्रीनवर घेतला आणि आकड्याकडं न बघता सरळ खाली गेला. "स्कोअर नंतर. आधी चौकशा बघू." तुमची फाइल कुठल्या कंपनीनं, कोणत्या तारखेला, किती रकमेच्या कर्जासाठी मागवली, ते या भागात दिसतं. आपण जिथं अर्जच केला नाही तिथलं नाव दिसलं, की समजायचं कुणीतरी आपलं नाव चालवून बघितलंय. मग खात्यांचा भाग. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन आणि त्यात हप्ता किती दिवस थकला त्याचे आकडे. एका ट्रॅक्टरच्या कर्जावर ९० दिसत होते. तो गडी चमकला, "माझ्याकडं ट्रॅक्टरच न्हाय!" पोरानं बोट पुढं सरकवलं. कर्जाशी नातं: जामीनदार. मेव्हण्याला दिलेली सही. चोर शोधायला बसलेल्या माणसाला पुष्कळदा आधी पाहुणाच सापडतो.

खरोखरच अनोळखी कर्ज निघालं तर रिपोर्ट देणाऱ्या पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर वाद नोंदवायचा, कर्ज देणाऱ्याला लेखी कळवायचं आणि १९३० वर किंवा सायबर पोर्टलवर तक्रार द्यायची. कर्ज देणाऱ्या संस्थेनं २१ दिवसांत आपलं म्हणणं कळवायचं आणि सगळं प्रकरण ३० दिवसांत निकालात काढायचं. त्यापुढं उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कुणी तुमचा रिपोर्ट मागवला तर तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल आला पाहिजे, हेही त्याच सुमारास ठरलं. तेव्हा बँकेत दिलेला नंबर चालू ठेवणं आलंच.

पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार: सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. पोरानं टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी सरकवून ठेवली आहे: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, आणि प्रत्येकापुढं एकेका कंपनीचं नाव. असं वाटून घेतलं की दर तीन महिन्यांनी नजर टाकता येते. बचत गटातून कर्ज घेतलेल्या बायकांना तो आधी क्रिफचा रिपोर्ट काढायला लावतो. मायक्रोफायनान्सच्या नोंदींवर त्या कंपनीचा पहिल्यापासून भर आहे.

ही युक्ती चांगली आहे, पण राखण करणाऱ्याची आहे. पीक गेल्यावर कळणार, फार तर थोडं लवकर. देशभरातल्या अंगठ्यांना ओटीपीवर बंद-चालू करणारी व्यवस्था आपण उभी केली, पतमाहिती कंपन्यांना दिवसाला १०० रुपयांचा दंड लावला. मग चार कंपन्यांच्या फाइली धारकाच्या इच्छेनं बंद ठेवणारं एक बटण बसवायला तंत्राची अडचण सांगता येणार नाही. फक्त ते करताना रेशनवाल्या तात्यांना समोर बसवून करावं, बटनाच्या फोनवरून चालेल असं.