समुद्राने सोडलेला मुलूख

ब्रुज शहराच्या गजबजलेल्या चौकांतून ईशान्येस निघून बाहेरचा वळणरस्ता ओलांडला की दाम्मे गावाकडे जाणारा एक सरळ कालवा लागतो. त्याच्या दोन्ही काठांवर उंच पॉप्लर वृक्षांच्या रांगा आहेत. नैर्ऋत्येचे वारे वर्षानुवर्षे रेटीत आल्यामुळे ते सारे वृक्ष एकाच दिशेस कलले आहेत, आणि त्यांच्या पलीकडे, दृष्टी पोहोचेल तेथवर, टेकडीचा मागमूसही नसलेला हिरवा, ओलसर व सपाट मुलूख पसरला आहे. बेल्जियमच्या उत्तर भागातील, डच भाषा बोलणाऱ्या फ्लँडर्स प्रदेशाचा हा समुद्रालगतचा कोपरा. ब्रुज पाहावयास येणारे बहुसंख्य प्रवासी घंटामनोरा, चित्रसंग्रहालय आणि चॉकलेटची दुकाने पाहून संध्याकाळच्या गाडीने परततात. ज्या भूमीने ब्रुजला वैभव दिले आणि पुढे ते हिरावूनही घेतले, ती भूमी सायकलीवरून अर्ध्या तासाच्या अंतरावर असताना न पाहताच राहते, याची मला खरोखर हळहळ वाटते.

तो कालवाही इतिहासाचा एक अपुरा राहिलेला मनसुबा आहे. इंग्रजांचे आरमार समुद्रावर पहारा करीत असता ब्रुजहून शेल्ड नदीच्या मुखापर्यंत आपली गलबते आतल्या आत निर्धोकपणे नेता यावीत, या मसलतीने नेपोलियनने १८१० साली तो खोदण्याचा हुकूम दिला आणि त्या कामावर स्पॅनिश युद्धकैदी जुंपले. पुढे नेपोलियनच पदच्युत झाला. कालवा कसाबसा आजच्या डच सरहद्दीपलीकडील स्लाउस गावापर्यंत पोहोचला, परंतु ज्या लष्करी हेतूने तो आखला होता तो कधीच सिद्धीस गेला नाही. आज त्यावरून उन्हाळ्यात प्रवाशांची एक बोट फिरते आणि काठाने सायकलस्वार जातात.

दाम्मे मागे टाकून कालव्याच्या काठाने थोडे पुढे गेले आणि डावीकडे वळले की ओस्तकेर्के हे खेडे येते. मध्यभागी चर्च, त्याच्याभोवती दफनभूमी, तिला वळसा घालून जाणारा दगडी फरसबंदीचा रस्ता आणि रस्त्याकडे तोंड करून बसलेली बैठी पांढरी घरे, एवढाच गावाचा विस्तार. बाजारपेठ म्हणावे असे येथे काही नाही. ते चर्च जितके प्राचीन भासते तितके त्याचे सगळे बांधकाम प्राचीन नाही. १९४४ साली, दुसरे महायुद्ध या प्रदेशातून जात असता, ते उद्ध्वस्त झाले आणि युद्धानंतर पुन्हा उभारले गेले. सपाट प्रदेशात चर्चचा मनोरा म्हणजे कैक कोसांची टेहळणी करण्याची एकमेव उंच जागा. म्हणून या भागातल्या मनोऱ्यांवर युद्धकाळात तोफा आणि सुरुंग यांची वक्रदृष्टी वळली.

येथील घर जवळून पाहण्यासारखे आहे. विटांच्या भिंतीवर चुन्याचे जाड लेप एकावर एक चढलेले असतात, इतके की विटांच्या कडा आता बोटाला लागत नाहीत. छप्पर लाल कौलांचे आणि झडपा बहुधा हिरव्या. परंतु जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत भिंतीला डांबराचा काळाभोर पट्टा दिलेला असतो. परक्याला ती केवळ शोभा वाटते. वास्तविक ती जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीशी आणि पावसाच्या उडणाऱ्या शिंतोड्यांशी केलेली तजवीज आहे, आणि वरचा चुनाही सागरी वाऱ्याच्या दमटपणापासून विटेचे रक्षण व्हावे म्हणूनच पुनःपुन्हा द्यावा लागतो. या मुलुखातील सौंदर्याच्या बहुतेक गोष्टींचा शोध घेत गेले की अखेर पाण्यापाशीच येऊन थांबावे लागते.

आणि या गावाची शांतता हेही त्या पाण्याचेच कर्तृत्व आहे. आज जेथे गाई चरतात तेथे मध्ययुगात झ्वीन नावाची समुद्राची एक खाडी आत शिरलेली होती. ११३४ सालच्या मोठ्या वादळाने ती रुंद व खोल झाली असे परंपरा सांगते. तिच्या तोंडातून आलेल्या मोठ्या जहाजांना ब्रुजपर्यंत जाता येत नसे, म्हणून वाटेवर बांध घालून दाम्मे हे बंदर वसवले गेले आणि ११८० साली फ्लँडर्सचा काउंट फिलिप याने त्यास नगराची सनद दिली. फ्रान्सहून येणाऱ्या मद्याचा मक्ता दाम्मेकडे होता. १२५२ साली काउंटेस मार्गारेट हिने येथील जकातीचे दर लिखित स्वरूपात ठरवून दिले. आणि सागरी व्यवहाराचे जे कायदे उत्तर युरोपातल्या बंदरांत प्रमाण मानले जात, त्यांच्या एका संहितेला दाम्मेचेच नाव मिळाले. १४६८ च्या जुलै महिन्यात बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स आणि इंग्लंडच्या राजाची बहीण मार्गारेट यांचा विवाह याच गावी लागला. त्या काळी येथे गलबतांच्या शिडांची दाटी, दलालांचा कलकलाट आणि पाच-सहा भाषांतील भांडणे असली पाहिजेत.

तरीही त्या विवाहाच्या वेळी खाडी गाळाने भरत चाललीच होती. त्याचे कारण केवळ निसर्गाचा लहरीपणा नव्हे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भरतीचे पाणी जितक्या विस्तीर्ण पाणथळीवर पसरते तितक्याच जोराने ते ओहोटीला परत फिरते आणि जाताना तळाचा गाळ धुऊन नेते. येथील मठांनी आणि जमीनदारांनी बांध घालून घालून ती पाणथळ शेतीखाली आणली. भरतीला पसरावयास जागा उरली नाही, ओहोटीचा जोर मंदावला आणि गाळ जागच्या जागी बसू लागला. म्हणजे ज्या उद्योगाने या लोकांना गहू व गवत दिले त्याच उद्योगाने त्यांचे बंदर बुडवले. व्यापार अँटवर्पकडे गेला. दान्तेने आपल्या ‘इन्फेर्नो’त नरकातील एका काठाचे वर्णन करताना याच किनाऱ्यावरील फ्लेमिश बांधांचा दाखला दिला आहे, इतका त्यांचा लौकिक चौदाव्या शतकाच्या आरंभी इटलीपर्यंत पोहोचला होता.

दाम्मे व ओस्तकेर्के यांच्या दरम्यान एक कुरण आहे, त्याच्यापाशी अवश्य थांबावे. येथे मोनिकेरेडे नावाचे नगर होते. खाडीकाठच्या बंदरांपैकी ते एक. त्याला तेराव्या शतकात नगराचे हक्क मिळाले होते. आज त्याची एक भिंतही जमिनीवर उभी नाही. सूर्य कलला म्हणजे मात्र गवतावर लांब सावल्या पडतात आणि त्या तिरप्या प्रकाशात जमिनीचे हलके उंचवटे आणि खळगे स्पष्ट दिसू लागतात. गेंट विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी अलीकडे येथे आकाशातून छायाचित्रे घेऊन, नांगरटीत वर आलेली खापरे वेचून आणि जमिनीच्या विद्युत्-गुणांची मोजणी करून, फारसे न खणताच गावाचा आराखडा जुळवला आहे. शहर लयास गेल्याचे दृश्य आपण सहसा पडक्या बुरुजांतून आणि ओसाड महालांतून पाहतो. येथे ते गाईंच्या खुरांखाली, अगदी हिरवेगार, पसरलेले आहे, आणि मला ते पडक्या बुरुजांहून अधिक गंभीर वाटते.

या भूमीची आणखी एक विलक्षणता आहे. आसमंत इतका सपाट असता रस्ते सरळ जावयास हवेत, पण ते नागमोडी जातात. याचे कारण असे की समुद्राच्या जुन्या ओढ्यांच्या पात्रांत वाळू साचलेली होती, तर त्यांच्या बाजूंच्या प्रदेशात चिकणमाती आणि पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर, होता. पीट सुकले म्हणजे आकसते; शिवाय मध्ययुगात ते इंधनासाठी आणि मीठ काढण्यासाठी खणूनही नेले गेले. त्यामुळे बाजूची जमीन खचली, वाळू मात्र जागची हलली नाही, आणि जेथे पूर्वी पाणी वाहत होते तीच जागा आता सभोवतालहून थोडी उंच झाली. रस्ते आणि वाडे त्या कोरड्या धारेवरून गेले, खोलगट भाग कुरणांना राहिला. सायकलीवरून आपण वळणे घेतो ती समुद्राच्या वाहून गेलेल्या ओढ्यांचीच वळणे होत.

अशी ही जमीन समुद्राच्या मोठ्या भरतीच्या पातळीहून खालीच आहे. पावसाचे पाणी शेताच्या चरातून नाल्यात, नाल्यातून कालव्यात आणि तेथून ओहोटीच्या वेळी दरवाजे उघडून समुद्रात सोडावे लागते. जेथे उतार पुरत नाही तेथे पंप चालतात. हा बंदोबस्त सरकारने वरून लादलेला नाही. मध्ययुगापासून जमीनधारकांनी आपापल्या क्षेत्राची मंडळे स्थापली, ज्याची जितकी जमीन तितका त्याने सारा द्यावा, आणि त्या निधीतून चर, बांध व दरवाजे दुरुस्त राखावेत अशी रीत पाडली. त्या मंडळांच्या वारसदार संस्था आजही दप्तर ठेवतात, वसुली करतात आणि नाल्यातले गवत वेळच्या वेळी कापून घेतात. एका शेतकऱ्याने आपला चर बुजू दिला तर शेजाऱ्याचे शेत बुडते, ही जाणीव येथल्या रयतेला कुणी शिकवावी लागत नाही. ओस्तकेर्केची शांतता पाहून हे गाव झोपले आहे असे ज्याला वाटेल त्याने एकदा पावसाळी जानेवारीत त्या नाल्यांचे काठोकाठ भरलेले, तरीही शिस्तीने सरकणारे पाणी पाहावे.

गावाजवळून दोन कालवे जोडीने समुद्राकडे जातात. १८३० साली बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर या भागाचे पाणी ज्या वाटेने जात होते ती वाट डच हद्दीत गेली. म्हणून आपल्याच मुलुखातून पाणी काढण्यासाठी पुढच्या दशकात लेओपोल्ड कालवा खोदावयास घेतला गेला. त्याच्या शेजारचा दुसरा कालवा लाय नदीचे जादा पाणी आणतो. त्या नदीत पूर्वी लिननच्या धाग्यासाठी जवसाची ताटे कुजत घालीत, आणि ते पाणी येथवर येऊन दुर्गंधी सुटे. म्हणून लोकांनी एकाला ‘चकाकणारा’ आणि दुसऱ्याला ‘घाणेरडा’ अशी नावे ठेवली. जवस कुजवणे बंद झाले, नावे तशीच चालू आहेत.

येथे येऊ इच्छिणाऱ्याने मोटारीचा मोह टाळून ब्रुजमध्ये भाड्याची सायकल घ्यावी. १९९५ साली बेल्जियमच्याच लिंबुर्ग प्रांतात, खाणीत काम केलेल्या ह्यूगो बोलेन नावाच्या अभियंत्याच्या कल्पनेतून, सायकलमार्गांच्या प्रत्येक तिठ्याला क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली, आणि आता ती साऱ्या फ्लँडर्सभर आहे. चार-पाच आकडे कागदावर टिपून घेतले की नकाशा हाती न धरता दिवसभर भटकता येते. वाऱ्याचा विचार मात्र करावा: जाताना तो पाठीशी असला तर परतताना तो छातीवर बसतो. एप्रिल-मे महिन्यांत कुरणे ताजी असतात. परंतु ज्याला थंडीची भीती नाही त्याने हिवाळ्यात यावे, कारण त्या दिवसांत स्पिट्सबर्गेनच्या उत्तरध्रुवीय बेटांवरून गुलाबी पायांचे हंसक हजारोंनी दाम्मेच्या आसपासच्या कुरणांत उतरतात. बांधाकडेची छाटलेली विलोची झाडेही तेव्हा नीट दिसतात. काही वर्षांच्या अंतराने त्यांच्या फांद्या खोडालगत उतरवल्यामुळे खोडाचा माथा फुगून गाठाळ झालेला असतो, आणि त्याच्या ढोलीत लहान घुबडे घर करतात. हे सारे चित्र निर्भेळ आहे असे म्हणणे खोटे ठरेल. उत्तरेच्या क्षितिजावर झेब्रुग बंदराच्या याऱ्या आणि पवनचक्क्या सतत दिसतात, कारण समुद्राशी असलेला व्यापार या प्रदेशाने सोडला नाही, केवळ काही कोस दूर हलवला.

परतताना दाम्मेच्या नगरगृहासमोर याकोप फान मार्लांटचा पुतळा पाहावा. तेराव्या शतकात, विद्या लॅटिनमध्ये आणि दरबारी शिष्टाचार फ्रेंचमध्ये बंदिस्त असता, या गृहस्थाने निसर्गज्ञान आणि जगाचा इतिहास सामान्य फ्लेमिश माणसाच्या बोलीत पद्यबद्ध केला. तरीही १८३० नंतरच्या स्वतंत्र बेल्जियममध्ये फ्लँडर्सच्या न्यायालय, सैन्य आणि विद्यापीठ यांची भाषा फ्रेंचच होती. डच भाषेला कायद्यात समान दर्जा १८९८ साली मिळाला आणि गेंटचे विद्यापीठ संपूर्णपणे डच भाषेचे झाले ते १९३० साली. जमीन जशी या लोकांनी पाण्याकडून वीतवीत सोडवून घेतली तशी आपली भाषाही त्यांना सोडवून घ्यावी लागली.

याच झगड्यात वाढलेला एक तरुण आपल्या देशात आला, आणि त्याचे गाव ओस्तकेर्केहून थोड्याच अंतरावर, त्या दोन कालव्यांच्या पलीकडे आहे. राम्सकापेले हे त्या गावाचे नाव. चर्च, थोडी घरे आणि चहूकडे कुरणे, असेच तेही एक निवांत खेडे. येथे १ सप्टेंबर १९०९ रोजी कामिल बुल्के यांचा जन्म झाला. ते लूव्हेनला स्थापत्य अभियांत्रिकी शिकले, जेझुइट संघात गेले, १९३५ साली भारतात आले, आणि येथील सुशिक्षितांना आपल्या भाषेऐवजी इंग्रजीचा अभिमान वाहताना पाहून त्यांना आपल्या मायभूमीतील फ्रेंचच्या वर्चस्वाची आठवण झाली, असे ते सांगत. त्यांनी हिंदी व संस्कृत यांचा ध्यास घेतला, अलाहाबाद विद्यापीठात आपला प्रबंध हिंदीतच लिहिण्याची परवानगी मिळवली, पुढे भारताचे नागरिकत्व घेतले आणि रांचीत राहून इंग्रजी-हिंदी कोश सिद्ध केला. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘रामकथा’ या ग्रंथात वाल्मीकींपासून आग्नेय आशियापर्यंतच्या रामकथांचा शोध आहे, आणि त्यात आपल्या एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ही आपल्या जागी आलेले आहे.