ग्रेप मराठीच्या हाती येईपर्यंत

वरणगावचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. आजच्या मराठीत वरणगाव, 1962च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या वळणाने वरणगांव आणि हिंदीत वरणगाँव. गावाला केंद्र सरकारची आयुध निर्माणी आहे, भुसावळ-नागपूर मार्गावरचं स्टेशन आहे, त्यामुळे हिंदी कागदांनाही इथे तोटा नाही. शेकडो फायलींतून गावाचा उल्लेख असलेली प्रत्येक ओळ काढायची असेल, तर टर्मिनलवर ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या विस्तारित रूपाला एवढा नमुना दिला की पुरे: 'वरणगा.?व'. टिंब म्हणजे कोणतंही एक चिन्ह. पुढचं प्रश्नचिन्ह सांगतं की ते असलं तरी चालेल, नसलं तरी चालेल. तिन्ही रूपं एका दमात बाहेर येतात.

इंग्रजीला ही सोय 1973 साली मिळाली. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ली मॅकमहन 'फेडरलिस्ट पेपर्स' या अठराव्या शतकातल्या 85 लेखांवर काम करत होते. त्यातले काही लेख नेमके कोणी लिहिले हा वाद जुना होता, आणि शब्दांच्या वापरावरून तो सुटतो का, हे त्यांना पाहायचं होतं. पण त्या काळच्या 'एड' या एडिटरमध्ये एवढा मजकूर एकदम मावेना. नमुना शोधण्याची सोय एडमध्ये होतीच. केन थॉम्पसन यांनी ती वेगळी काढून स्वतंत्र प्रोग्रॅम केला. तो अख्खी फाइल पोटात घेत नाही. एकेक ओळ वाचतो, जुळली तर दाखवतो, पुढे जातो. म्हणून फाइल कितीही मोठी असली तरी त्याचं अडत नाही. 1968 साली थॉम्पसन यांनीच अशा नमुन्यांच्या शोधाची पद्धत शोधनिबंधात मांडली होती. पुढे आल्फ्रेड एहो यांनी त्याची अधिक ताकदवान आवृत्ती केली, आणि 1988 साली माइक हेर्टेल यांनी लिहिलेला ग्नू प्रकल्पाचा मोफत, खुला ग्रेप आला. आज लिनक्सवर चालतो तो त्याचाच वारस.

लेखकाची ओळख शब्दांतून पटवण्याच्या खटपटीतून हे साधन जन्मलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. भाषेच्या अभ्यासासाठीच ते झालं, पण मराठीला त्याचा उपयोग कितीतरी वर्षं झाला नाही.

दोष ग्रेपचा नव्हता. तो बाइट जुळवतो. अक्षराचा आकार त्याला दिसत नाही. 1991 साली इस्की हे भारतीय प्रमाण आलं, त्यात प्रत्येक अक्षराला ठरलेला अंक होता. पण छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत राज्य होतं ते फॉन्टचं: श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी. पडद्यावर मराठी दिसे, फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा साठलेला असे. अर्ध्या अक्षराला एक जागा, काना वेगळा, आणि ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. एका दुकानात टाइप केलेला शब्द दुसऱ्या दुकानातल्या फाइलमध्ये शोधून सापडणं शक्यच नव्हतं.

वाट मोकळी केली ती पुन्हा थॉम्पसन यांनीच. सप्टेंबर 1992मध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या खाणावळीत बसून त्यांनी रॉब पाइक यांच्यासोबत युनिकोडची अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीची रचना केली. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि एका अक्षराचे बाइट दुसऱ्याच्या पोटात चुकून जुळत नाहीत. त्यामुळे बाइट जुळवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमलाही सरळ मराठी शब्द शोधता येतो. नमुन्यात टिंब किंवा कंस आला, तर मात्र यंत्राची भाषा-मांडणी, म्हणजे लोकेल, यूटीएफ-8 लावलेली हवी. नाहीतर टिंब एका अक्षराऐवजी एकच बाइट गिळतं आणि वरणगांव हातून निसटतं.

वरणगावच्या भागात ग्रेपची खरी गंमत बोलीत आहे. लेवा गणबोलीत ळचा य होतो आणि णचा न: डोळा तो डोया, पाणी ते पानी. चौकटी कंसात दोन्ही अक्षरं दिली, 'डो[ळय]', की प्रमाण मराठी आणि बोली शेजारी शेजारी उभ्या राहतात. 'पा[नण]' दिलं तर पाणी येतं, पानी येतं, केळीचं पानही येतं, आणि कवयित्री बहिणाबाईंचे चिरंजीव सोपानदेवही येतात! मग कंसापुढे दीर्घ वेलांटी जोडून नमुना घट्ट करायचा. बोलीच्या कोशासाठी शब्द गोळा करणाऱ्याने हे शिकून घ्यावंच.

एक खाच सांगायला हवी. सातपुड्याच्या 'दऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतात. एकात खाली टिंब असलेला ऱ असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखेच, ग्रेपला वेगळे. दोन्ही रूपं शोधल्याशिवाय 'हा शब्द मजकुरात नाही' असं म्हणू नये.

फॉन्टच्या काळातल्या मजकुराचं काम अजून पडलेलं आहे. स्मरणिका, दिवाळी अंक, जातीजमातींच्या इतिहासाची पुस्तकं. त्यांच्या फायली कुणाच्या तरी जुन्या संगणकात आहेत आणि कोणत्याही शोधाला दिसत नाहीत. त्या युनिकोडमध्ये आणणारी साधनं मिळतात. रूपांतरात वेलांटी आणि रफार हमखास चुकतात, पण त्या चुका शोधायलाही ग्रेपच कामाला येतो. मराठी शब्द वेलांटीने कधी सुरू होत नाही. म्हणून 'मोकळी जागा आणि लगेच वेलांटी' हा नमुना द्यायचा. सोबत -n हा पर्याय जोडला की बिघडलेल्या ओळी क्रमांकासह समोर येतात. मग मूळ छापील प्रत शेजारी उघडून एकेक ओळ दुरुस्त करायची.