आधी कोण कोसळलं, याने फरक पडत नाही

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी वाळूच्या ढिगाचा एक प्रोग्राम लिहिला. कोसळण्याचा क्रम बदलला तरी शेवटचं चित्र तेच यायचं. कोडमध्ये काहीतरी घोळ असणार म्हणून दोन दिवस शोधत बसले. घोळ नव्हताच. दीपक धर यांनी १९९० सालीच ते सिद्ध करून ठेवलं होतं!

खेळ असा: बुद्धिबळासारखा पट घ्या आणि कुठल्याही घरात एकेक दाणा टाकत राहा. घरात चार दाणे झाले की ते कोसळतं, शेजारच्या चारही घरांना एकेक दाणा देतं. कडेचे काही दाणे पटाबाहेर पडतात. कधी एकच घर कोसळून थांबतं, तर कधी अख्खा पट हलतो. बाक, टँग आणि वीसेनफेल्ड यांनी १९८७ साली हे मॉडेल मांडलं. नियम एका ओळीचा, पण नेमकं उत्तर कागदावर कसं काढायचं?

कॅलटेकमधून पीएचडी करून धर १९७८ साली मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आले होते. त्यांनी या मॉडेलमधली एक साधी गोष्ट हेरली. समजा, शेजारच्या दोन घरांत ४ आणि ५ दाणे आहेत. पहिलं आधी कोसळू द्या: ० आणि ६, मग १ आणि २. आता दुसरं आधी: ५ आणि १, मग पुन्हा १ आणि २! कारण काय, तर शेजारी फक्त दाणे देतात, काढून घेत नाहीत. म्हणजे भरलेलं घर आज ना उद्या कोसळणारच. बाकी सगळी बेरीज-वजाबाकी, आणि तिथे क्रमाला किंमत नाही.

एवढ्यावरून त्यांनी नेमकी मोजणी केली. २×२ च्या पटावर शांत स्थिती २५६. पण दाणे टाकत राहिलं तर त्यातल्या १९२ च पुन्हा पुन्हा येतात, आणि त्याही सारख्याच शक्यतेने. उदाहरणार्थ, दोन शेजारी घरं एकदम रिकामी कधीच सापडत नाहीत. जे शेवटी रिकामं झालं, त्याने शेजाऱ्याला दाणा दिलेला असतोच ना!

२०१६ नंतर धर पुण्याच्या आयसरमध्ये गेले. २०२२ साली त्यांना जॉन हॉपफील्ड यांच्यासोबत बोल्ट्झमन पदक मिळालं. सांख्यिकी भौतिकीतला हा मोठा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

माझा तो प्रोग्राम अजून लॅपटॉपवर आहे. जे बघून मी चूक शोधत बसले, तिथे त्यांनी 'असं का?' विचारलं होतं.