सीडीवरचा चरा आणि ड्राइव्हचा अंदाज

ऑडिओ सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, डाव्या-उजव्या चॅनलचे वेगवेगळे. मात्र ते तबकडीवर सरळ ओळीने लिहिलेले नसतात. दर २४ बाइटना चुका दुरुस्त करण्यासाठी दोन टप्प्यांत आठ जादा बाइट जोडतात आणि हे बाइट शंभराहून जास्त फ्रेममध्ये विखरून ठेवतात. चऱ्याने एका जागचे सलग बाइट गेले, तरी मूळ क्रम लावल्यावर प्रत्येक गटाच्या वाट्याला थोडीच तूट येते आणि जादा बाइटवरून ती भरून काढता येते. ट्रॅकच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचे नुकसान असे पूर्ण भरून निघते. म्हणूनच मध्यापासून कडेकडे गेलेला चरा सहसा निभावतो; ट्रॅकबरोबर गोल फिरलेला चरा बारीक असला तरी नडतो.

नुकसान याहून मोठे असेल, तर ड्राइव्ह अंदाज बांधतो. आधीचा नमुना १,२०० आणि नंतरचा १,३०० असेल, तर मधे १,२५० भरतो. शेजारचेही गेले असतील, तर तेवढ्यापुरता आवाज बंद करतो. ऐकताना अंदाजाचा आकडा बहुधा कळत नाही, पण रिपिंग करताना, म्हणजे सीडीवरचा आवाज संगणकावर उतरवताना, फाइलमध्ये तोच खरा म्हणून बसतो. डेटा सीडीच्या २,३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये माहिती २,०४८ बाइटच असते आणि उरलेल्या जागेत तपासणीची आणखी एक सोय असते. ऑडिओ सेक्टरमध्ये ती नसते.

दुरुस्त न झालेल्या बाइटवर काही ड्राइव्ह ‘सी२’ खूण करतात, पण सगळ्यांच्या खुणा भरवशाच्या नसतात. म्हणून ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे सॉफ्टवेअर सुरक्षित पद्धतीत, खुणांवर न विसंबता, प्रत्येक सेक्टर दोनदा वाचते. दोन्ही वाचने जुळली नाहीत, तर १६ वाचनांची फेरी होते. त्यांतली आठ सारखी आली की तो निकाल धरला जातो, नाहीतर पुढची फेरी. अशा फार तर पाच. ड्राइव्हने कॅशेतलाच मजकूर पुन्हा दिला, तर ही तुलना पोकळ ठरते. त्यामुळे आधी दुसरीकडचे सेक्टर वाचून कॅशे रिकामी करावी लागते.

दर वेळी तीच चूक झाली, तर फेरवाचनही फसते. तिथे ‘अ‍ॅक्युरेटरिप’ उपयोगी पडते: इतरांनी त्याच सीडीच्या आपापल्या प्रतींवरून काढलेल्या चेकसमशी ते आपला चेकसम ताडून पाहते. ड्राइव्हच्या मॉडेलनुसार नमुने थोडे मागेपुढे सरकतात, म्हणून हा ऑफसेट आधी दुरुस्त करावा लागतो. तरीही चेकसम जुळला नाही, तर सीडी पुसून किंवा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पुन्हा वाचतात.