सरकारने विमा दिला, पण का दिला?

पगाराच्या स्लिपवर ईएसआयचे पैसे कापलेले दिसले की घरोघरी कुरकुर होते. पण आजारी कामगाराला औषध आणि घरखर्चाला पैसा मिळावा, हे सरकारला प्रथम सुचले कसे? दयेपोटी? इतिहास वेगळेच सांगतो.

जर्मनीचा चॅन्सलर बिस्मार्क जमीनदार घराण्यातला. कामगार समाजवादी पक्षाकडे वळू लागले, तसा तो धास्तावला. १८७८ साली कायदा करून त्याने या पक्षाच्या संघटना, सभा आणि वर्तमानपत्रांवर बंदी घातली. पण नुसत्या दंडुक्याने भागेना. मग त्याने गूळही पुढे केला. १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघाताचा विमा, १८८९ मध्ये म्हातारपणची पेन्शन. पेन्शनचे वय मात्र सत्तर! गिरणीत, खाणीत हाडे झिजवून सत्तरी गाठणारे असे कितीसे असणार?

त्याचा हिशेब सरळ होता. पेन्शनची आशा लागलेला कामगार सरकारविरुद्ध उठणार नाही.

पण कामगारही दूधखुळे नव्हते. त्यांनी विमा घेतला, पक्ष सोडला नाही. विम्याच्या निधीचा कारभार पाहायला कामगारांचे प्रतिनिधी असत. तिथे संघटनेची माणसे निवडून जाऊ लागली. १८९० च्या निवडणुकीत या पक्षाला चौदा लाखांवर मते पडली, सगळ्या पक्षांत जास्त! त्याच वर्षी बंदीचा कायदा संपला आणि बिस्मार्कलाही पायउतार व्हावे लागले.

आपल्याकडे काय झाले? १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. महायुद्ध चालू होते. कारखाने थांबू नयेत, ही इंग्रज सरकारची गरज होती. पण त्या खुर्चीवर परळच्या चाळीत राहिलेला, १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढणारा माणूस बसला होता. त्यांच्याच काळात कामगार विम्याची योजना आखण्यासाठी प्रा. अडारकर यांची नेमणूक झाली. १९४४ ला त्यांचा अहवाल आला आणि १९४८ ला ईएसआयचा कायदा झाला.

म्हणून आम्ही म्हणतो, योजना कोणीही आणो, देणाऱ्याचा हेतू ओळखावा. पण हक्काचे सोडू नये. कार्ड काढून घ्या, घरच्यांची नावे त्यात घाला. आणि कार्ड मिळाले म्हणून युनियनच्या सभेला जाणे मात्र बंद करू नका.