समुद्राकडे पाठ करून काढलेलं चित्र

एरवी आपला एपिसोड बसमध्ये डोळे मिटून ऐकला तरी चालतो. आज मात्र मोबाईलवर ‘रॅम्सगेट सँड्स’ शोधा. चित्रकार विल्यम पॉवेल फ्रिथ, साल १८५४.

आधी एक बघा, समुद्र कुठाय? सगळ्यात खाली, पाण्याची एक पट्टी. म्हणजे बघणारा पाण्यात उभा आहे आणि त्याचं तोंड किनाऱ्याकडे आहे. रंकाळ्यावर आपण पाण्याकडे बघत भेळ खातो ना? कुणीतरी पाण्यात उतरून उलट आपल्याकडेच बघत बसलाय, असं समजा.

आता झूम करा. कुणी पेपर वाचतंय, कुणी विणतंय, कुणी दुर्बीण लावून बसलंय. खेळवाले जनावरांचे खेळ दाखवतायत. तोंडाला काळा रंग फासून गाणारेही आहेत (हे आज खटकतं, खटकायलाच हवं). मधोमध एक छोटी मुलगी पाण्यात बिचकत उभी आहे. आणि वाळूत बसलेत सगळे, पण नखशिखांत कपड्यात!

एवढी गर्दी आली कुठून? १८४६ मध्ये रॅम्सगेटला रेल्वे पोचली आणि लंडनच्या मध्यमवर्गाला समुद्र परवडायला लागला. फ्रिथही १८५१ मध्ये कुटुंबाला घेऊन सुट्टीलाच गेला होता. तेव्हा मोठं चित्र म्हणजे इतिहास, पुराण, राजेरजवाडे. सुट्टीतली साधी माणसं एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर काढणं अनेक चित्रकारांना थिल्लर वाटलं. पण प्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाला ते आवडलं आणि तिने विकतच घेतलं. म्हणून आज ते ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे.

हे ऐकताना मला आपले धुरंधर आठवतात. महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म १८६७, कोल्हापूर. १८९० मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, आणि पुढे मुंबईची रोजची माणसं त्यांनी पोस्टकार्डांवर आणली. पुराणातली चित्रंही त्यांनी भरपूर काढली, पण मला विचाराल तर ती पोस्टकार्डंच जास्त बोलतात. फरक एवढाच, की फ्रिथ अख्खी गर्दी एका फ्रेममध्ये बसवतो, तर धुरंधर त्यातला एखादाच माणूस उचलतात.

जाता जाता चित्राच्या अगदी उजव्या कडेला जा. एका माणसाच्या मागून एक चेहरा डोकावतोय. तो फ्रिथ.