बांधणाऱ्यांचा संघ कशासाठी?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्या गृहस्थाची जर एवढी त्रेधा उडते, तर घरे, शाळा, पूल आणि रस्ते बांधणे हाच ज्यांचा नित्याचा व्यवसाय, त्यांची स्थिती काय होत असेल ह्याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. हे व्यावसायिक एकत्र येऊन आपले संघ स्थापन करतात. हे संघ अडचणीच्या काळी काय करतात आणि त्यांनी कोठे थांबले पाहिजे, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या घरच्या मंडळींस सोप्या रीतीने सांगावे, एवढाच आमचा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ह्या धंद्याचे वेगळेपण ध्यानात घेतले पाहिजे. कुंभार आधी मडके घडवितो आणि मग त्याची किंमत सांगतो. कंत्राटदाराचे ह्याच्या उलट असते. त्याला आधी किंमत सांगावी लागते आणि वस्तू मागाहून घडवावी लागते. समजा, एखाद्या गावी शाळेची इमारत बांधावयाची आहे. सरकारी खाते निविदा मागविते. कंत्राटदार सळई, सिमेंट, खडी, वाळू, गवंडी व बिगारी ह्यांच्या त्या दिवशीच्या दरांवरून हिशेब करतो, बयाणा रक्कम भरतो आणि आपला आकडा बंद पाकिटात किंवा हल्ली संगणकावर सादर करतो. काम मिळाले की ते दीड-दोन वर्षे चालते. मध्यंतरी सळई महागली, वाळू मिळेनाशी झाली, पावसाने दोन महिने खाल्ले, तरी त्याचा आकडा कागदावर पक्का झालेला असतो. झालेल्या कामाचे मोजमाप वहीत उतरते, त्यावरून बिल निघते; परंतु बिल निघणे आणि पैसे हाती पडणे ह्यांत अनेकदा कित्येक महिन्यांचे अंतर असते. मजुराला मात्र आठवड्याच्या बाजारी पगार द्यावाच लागतो.

अशा वेळी एकट्या कंत्राटदाराने दाद कोणाकडे मागावी? रस्ते, पूल, धरणे ह्यांसारख्या कामांत सरकार हेच मुख्य गिऱ्हाईक. त्याच्याशी भांडावे तर पुढची निविदा डोळ्यांपुढे उभी राहते. सिमेंट आणि पोलाद तयार करणारे कारखानदार मूठभर व बलाढ्य. अशा दोन पहाडांच्या मध्ये सापडलेल्या लहान माणसाला स्वतःचा आवाज असा उरत नाही. 'गाव करी ते राव न करी' हे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेले नाही.

समव्यवसायी लोकांनी एकत्र येण्याची कल्पना आपल्या भूमीला नवी नाही. नाशिकच्या लेण्यांत सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात ह्याचा एक लेख आहे. त्यात त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवल्याचे नमूद केले आहे. त्या ठेवीच्या व्याजातून लेण्यातील भिक्षूंना वस्त्रे मिळावयाची होती. राजाच्या जावयानेही विश्वासाने धन स्वाधीन करावे, एवढी त्या व्यावसायिकांच्या श्रेणीची पत होती. इकडे कर्नाटकात ऐहोळे येथील 'पाचशे स्वामी' नावाचा व्यापाऱ्यांचा संघ मध्ययुगात दूरदूरपर्यंत विख्यात होता. शब्दांतही ह्या परंपरेच्या खुणा सापडतात. आमच्या घरच्या कोंकणीत सुताराला 'मेस्त' म्हणतात आणि मराठीत 'मिस्त्री' म्हणतात. हे दोन्ही शब्द उस्ताद ह्या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आले आहेत. युरोपातील कारागिरांच्या संघांत उमेदवारी पूर्ण करून, आपले कसब सिद्ध केल्यावरच मनुष्याला उस्ताद म्हणवून घेता येई. म्हणजे जुन्या संघांनी केवळ हक्कच मागितले नाहीत, तर कामाच्या दर्जाची हमीही घेतली होती. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून वाचकांनी तो स्मरणात ठेवावा.

आधुनिक काळातील उदाहरण म्हणजे 'बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया'. दुसरे महायुद्ध चालू असता १९४१ साली, लष्कराची बांधकामे करणाऱ्या कंत्राटदारांनी पुण्यास ह्या संस्थेची स्थापना केली. पुढे तिचा विस्तार देशभर झाला व मुख्य कचेरी मुंबईस आली. घरे बांधून विकणाऱ्यांची 'क्रेडाई' ही निराळी संस्था १९९९ साली निघाली. तिची शाखा आपल्या बेळगावातही आहे. अशा संस्थांचे काम मुख्यतः तीन प्रकारचे असते, असे आम्हांस वाटते.

पहिले काम करारातील न्यायाचे. भाव वाढल्यास ठराविक सूत्राने जादा रक्कम मिळावी, म्हणजेच करारात भाववाढीचे कलम असावे. नैसर्गिक आपत्तीत मुदत वाढवून मिळावी. तंटा झाल्यास निष्पक्ष लवादापुढे जाता यावे. ह्या मागण्या संघ वर्षानुवर्षे करीत असतात. त्यांचे महत्त्व निपाणीकरांना वेगळे सांगावयास नको. ऑगस्ट २०१९ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. महामार्ग बंद झाला की खडी, सिमेंट, सळई सारेच अडते. त्या काळात काम रखडले तर तो दोष कंत्राटदाराचा कसा मानावा? २०२० सालच्या महासाथीत तर मजूर गावी गेले आणि देशभर कामे थंडावली. तेव्हा १३ मे २०२० रोजी केंद्र सरकारने आपल्या सर्व खात्यांच्या कंत्राटदारांना सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ जाहीर केली, आणि जेवढे काम पुरे झाले असेल तेवढ्या प्रमाणात बँक हमी मोकळी करण्यास सांगितले. अशा संकटात सरकारपुढे साऱ्या धंद्याची स्थिती एका अर्जात मांडणारे कोणी असावे लागते. हजार माणसांचे हजार अर्ज कोण वाचणार?

दुसरे काम कायद्याचा अर्थ लावून घेण्याचे. ह्याचे एक उद्बोधक उदाहरण आहे. इमारत बांधून देणे म्हणजे सिमेंट व विटा 'विकणे' होय काय, हा प्रश्न विक्रीकराच्या संदर्भात निघाला. १९५८ साली गॅनन डंकर्ली ह्या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, बांधकामाचा करार एकसंध असतो, त्यात मालाची वेगळी विक्री नसते; म्हणून राज्यांना त्यावर विक्रीकर लावता येणार नाही. तेव्हा १९८२ साली संविधानात ४६वी दुरुस्ती करून राज्यांना तो अधिकार देण्यात आला. ह्या दुरुस्तीस बिल्डर्स असोसिएशनने आव्हान दिले. १९८९ साली निकाल लागला. दुरुस्ती वैध ठरली. परंतु कर बसवावयाचा तो करारात वापरलेल्या मालावरच, आणि विक्रीकरावर संविधानाने घातलेल्या मर्यादा येथेही पाळल्या पाहिजेत, असे न्यायालयाने बजावले. म्हणजे संघ अर्धा हरला व अर्धा जिंकला; पण त्या अर्ध्या जयाचा लाभ न्यायालयाचे तोंडही न पाहिलेल्या लहानात लहान कंत्राटदारालाही झाला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याचा खर्च त्याला एकट्याला कधीच झेपला नसता.

करांचा प्रश्न त्यानंतरही संपला नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराची नाकी उठली. कोगनोळीच्या सीमेवरून ये-जा करणाऱ्या आपल्या भागातील मालमोटारींना ह्याची सोय झाली. पुढे १८ जुलै २०२२ पासून अनेक सरकारी बांधकामांवरील कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. आधीच ठरलेल्या दराने चालू असलेल्या कामावरील वाढीव सहा टक्के कोणी सोसावेत, हा प्रश्न लगेच उभा राहिला. उलट, सिमेंटवरील कर कमी करावा ही बांधकाम व्यावसायिकांची जुनी मागणी होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. कराचा एकेक आकडा घराच्या किमतीत कसा मिसळतो, हे ह्यावरून दिसेल.

तिसरे काम बलाढ्य पुरवठादारांशी सामना करण्याचे. २०१० साली बिल्डर्स असोसिएशनने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की, सिमेंट कंपन्या आपसांत संगनमत करून भाव चढे ठेवीत आहेत. आयोगाने चौकशी करून २० जून २०१२ रोजी मोठमोठ्या कंपन्यांना मिळून ६००० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. भावांची व उत्पादनाची माहिती परस्परांना पुरविणे आणि कारखान्यांच्या शक्तीपेक्षा कमी माल काढणे, असे ठपके आयोगाने ठेवले. सुनावणीच्या पद्धतीतील दोषामुळे २०१५ साली अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. आयोगाने पुन्हा सुनावणी घेऊन २०१६ साली फिरून दंड बसविला. २०१८ च्या जुलैत राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला, आणि कंपन्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली.

ह्या प्रकरणात एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. तक्रार करणारा जसा एक संघ होता, तसाच आरोपीच्या पिंजऱ्यातही एक संघ होता. सिमेंट उत्पादकांची संघटना ही माहितीच्या देवाणघेवाणीचे व्यासपीठ बनली, असे आयोगाचे म्हणणे होते व तिलाही दंड झाला होता. एकाच धंद्यातील माणसे एकत्र जमली म्हणजे बोलणे बहुधा भाव वाढविण्याच्या युक्तीवर जाऊन थांबते, असा इशारा ॲडम स्मिथ ह्या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ सालीच देऊन ठेविला होता. म्हणजे एकी ही दुधारी तलवार आहे. अन्यायाविरुद्ध उचलली तर ती रक्षण करते. गिऱ्हाइकाविरुद्ध उचलली तर तीच लूट होते. आज सिमेंटवाल्यांवर बोट ठेवणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांनी उद्या निविदांचे आकडे आपसांत ठरवून भरले, तर त्यांनाही हाच न्याय लागू होईल.

संघाची खरी कसोटी आणखी दोन ठिकाणी लागते. एक म्हणजे मजूर. पराती उचलणाऱ्या बाईचा आणि सेंट्रिंगवर चढणाऱ्या मुलाचा आवाज मालकांच्या संघात नसतो. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी कायदे झाले आणि बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन तो त्यांच्या कल्याणासाठी लावण्याची व्यवस्था झाली. तो उपकर ओझे मानावयाचा की कर्तव्य, ह्यावर संघाची उंची ठरते. दुसरी कसोटी घर घेणाऱ्याची. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या निराळ्या खात्यात ठेवणे, आणि बांधकामातील मूलभूत दोष पाच वर्षांपर्यंत स्वखर्चाने दुरुस्त करणे, ही बंधने घातली. जुन्या श्रेणींनी दर्जाची जी हमी स्वतः होऊन घेतली होती, ती येथे कायद्याला सांगावी लागली, हे बांधणाऱ्यांना फारसे भूषणावह नाही.

धैर्याची कसोटी तर निराळीच. २०२१ साली कर्नाटकातील कंत्राटदारांच्या राज्य संघटनेने थेट पंतप्रधानांना पत्र लिहून, सरकारी कामांत टक्केवारी मागितली जाते अशी तक्रार केली. त्या आरोपांतील तथ्यातथ्य ठरविणे हे चौकशीचे काम आहे. त्याविषयी आम्ही काही म्हणू इच्छीत नाही. परंतु लाच म्हणून गेलेला प्रत्येक रुपया शेवटी स्लॅबमधील सळईतून आणि रस्त्यावरील डांबरातूनच वसूल होतो, हे उघड आहे. आपल्या मुलांच्या डोक्यावरील शाळेचे छत त्या सळईवरच उभे असते.

संघटना म्हणजे काय, हे निपाणीच्या मातीला शिकवावे लागत नाही. १९८१ साली तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून ह्याच भागातील शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले होते आणि गोळीबारात काहींचे प्राणही गेले. तंबाखूचा शेतकरी असो की गावातला लहान कंत्राटदार असो, एकट्याला भाव ठरविता येत नाही, हे दुःख दोघांचे सारखेच आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी कंत्राटदार, कोणी गवंडी. आणि बहुतेक जण केव्हातरी घर बांधतील. कोणत्याही संघाचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न विचारावेत. तो काय मागतो? कोणाकडून मागतो? आणि ते मिळाल्यावर त्याची किंमत शेवटी कोणाच्या खिशातून जाते? ती किंमत जर मजुराच्या किंवा घर घेणाऱ्याच्या खिशातून जात असेल, तर तो संघ कितीही मोठा असला तरी त्याचा पाया कच्चा आहे, असे खुशाल समजावे. आणि ज्या संघाच्या मागणीने बांधणाऱ्याला रास्त मोबदला, मजुराला सुरक्षितता व राहणाऱ्याला पक्के घर ही तिन्ही मिळतात, त्याला आपण सर्वांनीच बळ दिले पाहिजे.